भिंतीवरचं पातेलं

तानाबाईच्या आणि नूरबीच्या घरांच्या मधी कमरेएवढी भिंत होती. भिंत कसली, दोघींनी दोन बाजूंनी कोपर टेकायची सोय. इकडून कालवण गेलं की तिकडून पातेलं रिकामं कधी आलं नाही. नूरबीनं त्यात काही ना काही घालूनच धाडायचं. मूठभर साखर, दोन अंडी, काहीच नसलं तर दारातल्या झाडाचा कढीपत्ता. तानाबाईचंही तसंच. दोघी नव्या नवऱ्या होऊन वाडीत आल्या तेव्हापासूनचं हे. पुढं भोवतालच्या ज्वारीच्या रानांवर कंपन्यांचे पत्रे चढले, चाकणच्या रस्त्याला कंटेनरची रांग लागली, दोघींचे नवरे गेले, गुडघे गेले, पण पातेलं काही भिंतीवरून जायचं थांबलं नाही.

मग कोरोना आला.

टीव्ही काय घरोघर होते. पण बातमी ऐकावी तर तानाबाईच्या तोंडून. संध्याकाळी बातम्या संपल्या की ती ओट्यावर यायची, पदराचा मुसका तोंडाला बांधायची, आणि पुढच्या शब्दाला तो मुसका हनुवटीवर घसरायचा.

"आयकलं का, तिकडं चीनमधी एक बाप्या शिंकला, तर तीन गल्ल्या पल्याड म्हस आटली."

"म्हस?" भिंतीपलीकडून नूरबी विचारायची.

"चांगली दुभती. कासंला हात लावू दिना."

"ताने, टीव्हीवाल्यानं म्हशीचं सांगितलं?"

"त्याला येळ कुठं असतो बाई? मधीच जाहिरात लावत्यात. त्यानं अर्धं सांगायचं, बाकीचं आपण समजून घ्यायचं."

समोरच्या ओट्यावर कोंडीराम मिशीवरनं मास्क खाली ओढून विचारायचा, "वैनी, आळंदीची काय खबर?"

"आळंदीचा घाट मोकळा. इंद्रायणीतले मासे पायऱ्यांवर येऊन बसत्यात म्हणं."

"काय सांगता!"

"एकमेकांत अंतर ठिवून."

गल्ली हसायची. बाहेर पोलीस दांडकं घेऊन फिरत होते, नाक्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या, आणि इथं ओट्याओट्यावर माणसं पोट धरून हसायची. नूरबी तर डोळे पुसत म्हणायची, "सैतानाची मावशी हायेस तू, ताने."

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. बाजार बंद पडला तसा आरणीत ढीग घालून झाकलेला कांदा खालून सडायला लागला. तानाबाई आणि सून तनुजा दिवसभर कांदा निवडत बसायच्या, हात कोपरापर्यंत वास मारायचे. ज्ञानेश, तानाबाईचा एकुलता, कंपनीत ठेक्यावर होता. कंपनी बंद, तो घरी. उन्हाळाभर त्यानं तोच नळ तीनदा उघडून बसवला.

पाऊस लागता लागता कंपन्या उघडल्या. उघडल्या त्या बंदुकीसकट. गेटवर वॉचमन उभा, हातात पांढरी बंदूक, आला माणूस की कपाळावर रोखायची. आकडा वर गेला की माणूस परत. परत म्हणजे परतच. ठेकेदार त्याच दुपारी दुसऱ्याला आत घ्यायचा. कोंडीरामचा पुतण्या उन्हातनं मोटारसायकलवर गेला, कपाळ तापलेलं, बंदूक वाजली. त्याला आजतागायत कुणी बोलावलं नव्हतं.

बस बंद होत्या. फारूकनं सोय केली. फारूक नूरबीचा मुलगा. हायवेला त्याचं गॅरेज, पण शटर खाली. बायको-पोरं माहेरी गेली ती तिकडंच अडकलेली. घरात तो आणि आई. त्यानं आपली जुनी व्हॅन धुतली आणि वाडीतल्या पोरांना कंपनीच्या गेटावर सोडायला लागला. ज्ञानेश पुढं त्याच्या शेजारी, बाकीचे मागं.

आणि एका सकाळी ज्ञानेश अंथरुणातनं उठेचना.

तानाबाईनं त्याच्या मानेला हात लावला. हात तिनं लगेच काढून घेतला.

"कणकण हाय जरा," ज्ञानेश म्हणाला. "अंग मोडून आलंय."

"भिजला व्हतास काल. न्हाईतर काय." तानाबाई म्हणाली. तनुजा दारात उभी होती, तिच्याकडं न बघता तानाबाई पुढं म्हणाली. "पावसाचं येतंच अंगावर."

"आत्या, गेटावर बंदूक हाय," तनुजा म्हणाली.

"मला ठाव हाय बंदूक हाय."

"मग ऱ्हाऊ द्या घरी. दवाखान्याच्या इंदूताईंना बोलवू."

"आन ती आली की काय करंल? पाटी लावंल दारावर. पुन्हा ह्याला कंपनीत घेतील? आरणीतला कांदा इकून खाणार का तू?"

 तानाबाई फ्रीजपाशी गेली. नात हर्षालीनं प्लास्टिकच्या नळ्यांत रंगाचं पाणी घालून गारेगारच्या कांड्या करून ठेवल्या होत्या, लाल, केशरी, हिरव्या. तानाबाईनं एक केशरी काढली, रुमालात गुंडाळली, लेकाच्या कपाळावर बांधली, वरनं कंपनीची टोपी चढवली. आणि एकदम तिला हसू आलं. असं काही सुचलं की तिला यायचंच.

"गेट आलं की टोपी काढ, रुमाल खिशात घाल, आन डोकं पुढं कर. बंदूक लावू दे त्याला हवी तेवढी."

ज्ञानेशही हसला. तापातही हसला. मग बाहेर जाऊन फारूकशेजारी बसला.

संध्याकाळी परत आला तो सांगतच आला. वॉचमननं बंदूक लावली, आकडा बघितला, बंदूक झटकली, परत लावली. "अरे, फ्रीजमधनं आलास काय रे? एवढा गार माणूस मी बघितला नाही." कांडी वितळून केशरी ओघळ भुवईपर्यंत आला होता. वॉचमन म्हणाला, हे काय? ज्ञानेश म्हणाला, अष्टगंध.

तानाबाईनं कपाळाला हात मारला. आनंदानं. असला किस्सा पोटात ठेवायचा म्हणजे तिच्या जिवाला काच. पण तापाचं कसं सांगणार? तिनं नूरबीला भिंतीवरनं सगळं सांगितलं, फक्त तापाच्या जागी ऊन घातलं.

"उन्हानं कपाळ तापतं ना गं पोराचं. म्हणून म्हटलं."

सकाळपासून ऊन नव्हतंच. नूरबी हसता हसता थांबली, आभाळाकडं बघितलं, परत हसली. म्हणाली, "पोराला काढा देते उकळून. कपाळाला एवढं गार लावून सर्दी व्हईल." आणि खरंच दिला. पातेल्यात घालून.

ताप चार-पाच दिवस राहिला. रोज एक कांडी गेली. हर्षालीला आजीनं सांगितलं की फ्रीजमधी उंदीर शिरतो.

मग ताप उतरला. तानाबाईला वाटलं, सुटलो. एका सकाळी तनुजा गोठ्यात होती, गॅसवर दूध, आणि गॅसपाशीच ज्ञानेश मोबाइल बघत बसलेला. तानाबाई न्हाणीतनं बाहेर आली तर सगळं घर करपट वासानं भरलेलं. पातेलं काळं, दूध तळाला डांबरासारखं. ज्ञानेश तसाच बसलेला.

"आरं, नाक हाय का काय! दूध जळालं की!"

"जळालं?" त्यानं पातेल्याकडं बघितलं. मग पातेलं नाकाशी धरलं. मग परत धरलं. "आई, मला वासच येईना."

तनुजा दारात आली होती.  आदल्या संध्याकाळी टीव्हीवर डॉक्टर सांगत होता, वास जातो, चव जाते, हीच खूण. तिघांनी मिळून ऐकलं होतं. तानाबाईनं त्या डॉक्टरचं नाक कसं गेलं याची गोष्टसुद्धा गल्लीला सांगितली होती. आता तिनं काळं पातेलं राख घेऊन घासायला घेतलं. तनुजा म्हणाली, "आणा इकडं." तिनं दिलं नाही. घासत राहिली, घासत राहिली, त्या संध्याकाळी टीव्ही लावला नाही.

दोन-तीन सकाळी मधी गेल्या आणि फारूकची व्हॅन सुरू झाली नाही. फारूक ओट्यावर बसला होता, गुडघ्यावर हात, तोंड उघडं, चढ धावत चढून आल्यासारखा श्वास घेत. घामानं बनियन अंगाला चिकटलेलं. नूरबी त्याच्या पाठीवरनं हात फिरवत होती, तिलाही खोकला.

अँब्युलन्स आली. प्लास्टिकच्या पोशाखातली दोन माणसं उतरली. त्यांनी फारूकला हाताला धरून नेलं. तो चालता चालता मागं वळून म्हणाला, "तानामावशी, आईकडं बघा." गल्लीतली सगळी दारं लागलेली, फक्त फटी उघड्या. तानाबाई भिंतीपाशी उभी होती. तिनं मान हलवली.

दुपारी इंदूताई आली. वाडीतलीच, आशा सेविकेचं काम करायची. गळ्यात पिशवी, हातात तीच पांढरी बंदूक. नूरबीच्या दाराला तिनं कागद चिकटवला, पंचायतीच्या माणसांनी पत्रा आडवा लावला. मग ती घरोघर फिरली.

"तानाकाकू, घरात कुणाला ताप, खोकला? मागच्या पंधरवड्यात?"

"न्हाई."

"ज्ञानेशदादा रोज जायचा ना फारूकच्या गाडीत?"

"तो कसा हाय बघ की. बैलावानी."

इंदूताईनं तिच्या कपाळावर बंदूक रोखली. तानाबाईनं डोळे मिटले. आकडा बरोबर आला. इंदूताई पुढच्या दारी गेली तरी तानाबाईच्या कपाळावर त्या जागी काहीतरी टोचत राहिलं.

संध्याकाळी गल्ली ओट्यावर बसली, पण भिंतीपासून लांब सरकून. कोंडीराम म्हणाला, "वैनी, तुम्ही एवढ्या बातम्या बघता. कुठनं आणला असंल ह्यानं?"

सगळे तिच्याकडं बघायला लागले. पत्र्याच्या आडून नूरबीचा खोकला ऐकू येत होता. तानाबाईला म्हणता आलं असतं, मला काय म्हाईत. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण गप्प राहिलं तर संशय येईल असं तिच्या मनानं घेतलं, आणि जीभ पुढं झाली.

"गाडीत परकी माणसं बसवत असंल. हायवेची. कोण कुठलं काय कळतं का?"

"तेच म्हणतो मी," कोंडीराम मांडीवर हात आपटून म्हणाला. "मला आधीच संशव होता."

आत ज्ञानेश जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो तोंडात घातला. चव त्याला तशीही लागत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून नळावर नूरबीच्या घागरीला नंबर नव्हता. तिला दाराबाहेर यायची मनाईच होती, आणि तिच्या वाटचं पाणी भरायला कुणी पुढं येईना. तानाबाईनं भरलं. दोन घागरी पत्र्यापाशी नेऊन ठेवायची, खांदा भरून यायचा, पण तनुजानं हात लावायला मागितलं तर द्यायची नाही. भाकरी, आमटी, कधी पिठलं. पातेलं भिंतीवर ठेवायची, लांब सरकायची. नूरबी हळूहळू यायची, भिंत धरून. संध्याकाळी पातेलं परत भिंतीवर. धुतलेलं, आणि आत कढीपत्त्याची डहाळी. अंगात ताकद नसताना ती झाडापर्यंत जाऊन तोडत होती.

एकदा नूरबी पातेलं उचलून तशीच उभी राहिली. तोंडावर ओढणी, वरचे डोळे तेवढे दिसत होते.

"ताने, फारूकनं मला सांगितलं व्हतं."

"काय गं?"

"पहिल्याच दिवशी. घरी येऊन म्हणतो, अम्मी, ज्ञानेशचा खांदा मला लागला तर तव्यावानी भाजला. मी म्हटलं, मग नेलास कशाला? तर म्हणतो, नाही नेला तर जाईल कसा? गेटवरनं परत फिरवला तर मावशी काय करंल?" नूरबीला ढास लागली. ती थांबली, भिंतीला धरलं. "सीटवर केशरी डाग पडलाय म्हणाला. धुतला तरी जाईना."

मग ती थांबली. तानाबाईला कळलं, तिचं बोलणं संपलं नव्हतं. ती वाट बघत होती.

आभाळ खाली आलं होतं. लांबून कुठल्यातरी कंपनीचा भोंगा झाला.  आयुष्यात तिला कधी शब्द कमी पडला नव्हता.

"आमटी गार व्हईल," ती म्हणाली. "खाऊन घे."

नूरबीनं मान हलवली. "खाते."

संध्याकाळी पातेलं आलं. आत कढीपत्ता होता.

तानाबाईनं तो हातात घेतला आणि चुलीमागं जाऊन बसली. तनुजा काही विचारणार होती, पण सासूचं तोंड बघून परत फिरली.

फारूक परत आला. बरेच दिवस गेले होते. हॉस्पिटलच्या गाडीनं नाक्यावर सोडला, तिथून घरापर्यंत तो चार ठिकाणी थांबला. मान काडीसारखी झालेली, शर्ट दुसऱ्याचा घातल्यासारखा. पत्रा निघाला होता, कागद पावसानं गळून पडला होता. सगळं निघालं, पण गल्लीच्या मनातलं काही निघालं नाही. पोरं दुसऱ्या वाडीच्या गाडीनं कंपनीत जायला लागली होती. ज्ञानेशही. फारूकनं दोन-तीन सकाळी व्हॅन काढली, हॉर्न वाजवला, वाट बघितली, परत लावली.

एका संध्याकाळी पाऊस उघडला म्हणून सगळे ओट्यावर आले. फारूक खुर्चीवर, नूरबी त्याच्या पायाशी. कोंडीराम लांबनंच म्हणाला, "फारूक, बाबा, राग धरू नको, पण ती गाडी इकून टाक आता. बसणार कोण तिच्यात? परकी माणसं बसवून वाडीत आजार आणलास, लोकांच्या मनातनं जातंय व्हय?"

फारूकनं एकदा तानाबाईच्या ओट्याकडं बघितलं. मग खाली बघितलं. 

तानाबाई उठून उभी राहिली. गुडघा कडकन वाजला.

"त्यानं न्हाई आणला."

"आं?"

"माझ्या घरातनं गेला त्यो. ज्ञानेशला ताप व्हता. मला ठाव व्हतं. ताप असताना मीच त्याला फारूकशेजारी बसवला. बंदुकीला कळू नये म्हणून कपाळाला गारेगार बांधलं."

 तानाबाईनं हात पदरात घेतले. आणि कुणीतरी फिसकन हसलं.

"गारेगार?" कोंडीराम म्हणाला.

"व्हय. हर्षालीचं. केशरी."

"केशरी!" दोन ओटे हसले. कोंडीराम पुढं सरकून बसला, डोळे चमकलेले. "आन मग?"

आन मग. जन्मभर ह्या दोन शब्दांवर तानाबाई जगली होती. कुणी 'आन मग' म्हटलं की तिची जीभ तिची राहायची नाही. तिला दिसत होतं की इथं थांबायचं. नाहीतर मरणाची शपथ घेऊन सांगायचं की हे खरं हाय, हसू नका. दिसत होतं तिला. आणि तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मग काय. वॉचमननं बंदूक लावली तर आकडाच वर चढंना. म्हणतो कसा, ह्यो माणूस फ्रीजमधनं काढला का काय!"

गल्ली फुटली. किती दिवसांनी फुटली. कोंडीराम मांडी बडवत म्हणाला, "बंदुकीलाच हुडहुडी भरली म्हणा की!"

"भरली तर. त्यानं बंदुकीला मफलर गुंडाळला."

"वैनी, वैनी, पुरं, पोट दुखायला लागलं! शेजाऱ्याला वाचवायला काय काय रचाल!" त्यानं डोळे पुसले आणि दारात उभ्या ज्ञानेशला हाक मारली. "काय रं ज्ञानेश, खरं का हे? गारेगार बांधून गेला व्हतास?"

ज्ञानेशनं आईकडं बघितलं. आईच्या तोंडावर अजून हसू होतं, काढायचं राहून गेलेलं. तो पण हसला.

"आईचं काय आयकता राव तुमी."

तानाबाईनं ते ओळखलं. ही तऱ्हा त्याची नव्हती. तिचीच होती, जशीच्या तशी.

ती खाली बसली. फारूकला हसणाऱ्यांच्या आवाजात खोकला आला, तो कुणाला ऐकू गेला नाही. नूरबी हसत नव्हती. ती तानाबाईकडं बघत होती. रागानं नाही. लांबच्या रस्त्यावरनं जाणाऱ्या अनोळखी बाईकडं बघावं तसं. मग ती उठली, लेकाला हाताला धरून आत घेऊन गेली.

दुपारचं पातेलं भिंतीवर आलं तेव्हा उजेड अजून होता. धुतलेलं, पालथं. तानाबाईनं उलटं केलं. आत हात घातला, तळाला बोटं फिरवली. काही नव्हतं. कढीपत्त्याचं झाड भिंतीपलीकडं पानांनी भरून उभं होतं.

ती आत आली. ज्ञानेश जेवायला बसला होता.

"उद्या फारूकच्या गाडीनं जायचं."

"आई, लोकं काय म्हणतील?"

"हसतील. तुला हसता येतंय की."

ज्ञानेशनं खाली मान घातली. तनुजानं त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि पहिल्यांदाच सासूच्या बाजूला येऊन उभी राहिली.

सकाळी तानाबाईनं त्याचा डबा स्वतः नेला. व्हॅनचं पुढचं दार उघडलं. सीटवर डाग होता, ज्ञानेशच्या खांद्याच्या बाजूनं खाली ओघळलेला, धुऊन धुऊन फिकट केलेला, तरी केशरी. डबा तिनं त्याच्यावर ठेवला नाही, हातातच धरून उभी राहिली. ओट्याओट्यावर माणसं बघत होती. ज्ञानेश आला. बसायच्या आधी तो डाग बघून थांबला.

"नूरमावशी," तो भिंतीकडं वळून म्हणाला, पण भिंतीपाशी कोणी नव्हतं.

"बस," फारूक म्हणाला. आवाज अजून पोकळच. "काच खाली कर तेवढी."

गाडी गेली. पुढच्या आठवड्यात अजून एक पोरगा बसला, मग अजून दोघं. कोंडीरामनं सगळ्यांना सांगितलं की फारूकची गाडी आता सगळ्यात सेफ, त्याला होऊन गेलाय.

संध्याकाळी लोक ओट्यावर यायचे, विचारायचे, "वैनी, आज काय खबर?" तानाबाई म्हणायची, "टीव्ही बघा की घरी." त्यांना वाटायचं, आता हसवेल. थोडी वाट बघून ते आत जायचे.

पातेलं तिनं बंद केलं नाही. रोज भरायची, भिंतीवर ठेवायची. रोज ते परत यायचं, राखेनं लख्ख घासलेलं, पालथं. आणि रोज ती ते सरळ करून आत हात घालायची, तळापर्यंत, बोटं फिरवून बघायची.